आधी दात, मग माणूस

वन्सं,

तुम्ही पलीकडच्या खोलीत बसला आहात आणि मी इकडे हे कागदावर लिहिते आहे. मधे एक भिंत आणि एक सताड उघडं दार. हाक मारली असती, पण तुम्ही कानातलं यंत्र काढून बशीत ठेवलंय. बोलणं टाळायचं असलं की तुमचं हेच. वर म्हणणार, "बॅटरी संपली." बॅटऱ्या मी आणते, मला कळत नाही का कधी संपतात ते?

तेव्हा लिहूनच सांगते. गेले पाच महिने मी तुमच्याशी धडधडीत खोटं बोलते आहे. तुमच्या भावाबद्दल, म्हणजे माझ्या नवऱ्याबद्दल. ते काम झालेलं नाही. का झालं नाही ते नीट मांडायचं तर सुरुवातीपासून मांडायला हवं, आणि तुमच्याकडे बघून मला ते जमणार नाही. म्हणून आता तुमच्याकडे पाठ करून, दुसऱ्याच कुणाला तरी सांगते आहे असं समजून लिहिते. स्वतःबद्दल वाचताना नाक मुरडाल. खुशाल मुरडा.

*

आमच्या वन्संनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेने, एकेचाळीस वर्षं लोकांचे दात केले. लोकांना वाटतं कवळी डॉक्टर करतात. डॉक्टर फक्त तोंडात मऊ लगदा घालून ठसा घेतात. पुढचं सगळं कुठल्यातरी गल्लीतल्या मागच्या खोलीत होतं. ठशात प्लास्टर ओतून जबडा काढायचा, तो बिजागरीच्या लोखंडी चौकटीवर बसवायचा, मेणाच्या हिरड्या करायच्या, आणि त्यात एकेक दात रोवायचा. सोबत एक चिठ्ठी असते. नंबर, बाई की पुरुष, वय, दातांचा रंग, डॉक्टरांचं नाव. पेशंटचं नाव नसतं. या शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तोंडं वन्संनी आतून पाहिली, बाहेरून एकाचंही नाही.

बसमध्ये समोरच्या माणसाने जांभई दिली की वन्संचं कोपर माझ्या बरगडीत बसायचं. "वरची माझी." कोणी खळखळून हसलं की मान फिरवायच्या. "खालची दुसऱ्या कुणाची आहे, बघ कशी हलते."

लग्न झालं होतं, सात महिन्यांत परत आल्या. का, ते विचारायचं नाही असा घरातला नियम होता आणि मी तो पाळला. मी स्वतः पदवीधर, पोस्टात खिडकी नंबर तीनवर तीस वर्षं. त्यामुळे वन्सं मला 'पोस्टबाई' म्हणतात. रागावल्या की 'शिकलेली' म्हणतात.

माझा नवरा वायरमन होता. पिशवीत चांगली पकड असायची, पण वायरची साल दातांनी सोलायची सवय. वरच्या पुढच्या दोन दातांना मिळून एक खाच पडली होती, बरोब्बर वायरच्या जाडीची. एकोणतीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी जेवून उठले, पिशवी खांद्याला लावली, "तासाभरात येतो" म्हणाले आणि गेले. तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते. आले नाहीत. चौकी झाली, हॉस्पिटलं झाली, शवागारं झाली. सगळीकडे आम्ही दोघी गेलो. तिथला माणूस चादर वर करायचा तेव्हा मी चेहरा बघायची आणि वन्सं वाकून दात बघायच्या. माझं "नाही" आधी यायचं. वन्संचं जरा उशिरा, पण पक्कं.

मला एवढंच कळायला हवं होतं, की माणसाचं काही बरंवाईट झालं की माणूस आपल्या मर्जीने गेला? मेला म्हणून रडायचं की टाकून गेला म्हणून चिडायचं, हे कोणीतरी मला एकदा सांगून टाकावं. कोणी सांगितलं नाही. घरात मग आम्ही दोघी राहिलो, एकमेकींच्या उरावर.

*

वन्सं काम सोडून घरी बसल्या तेव्हा त्यांच्या बोटांना काम उरलं नाही. पहिल्याच महिन्यात मी अंघोळीला गेले आणि साबण हातात घेतला तर त्याला दाढा. चार, ओळीने, खाचाखळग्यांसकट. मी ओरडले. बाहेरून वन्सं म्हणाल्या, "ओरडतेस काय, चावणार आहेत का?" मग मेणबत्तीला सुळे आले. खोडरबराला पटाशीचे दात आले. माझ्या उशाशी डोकेदुखीच्या मलमाची डबी असते. एकदा सकाळी तिचं झाकण उघडलं तर आत, मलमातच, एक अख्खा खालचा जबडा होता.

म्हणून खेळांच्या दुकानातली पाटी दिसली तेव्हा मी विचारच केला नाही. 'छोटे योद्धे स्वतः घडवा. नवशिक्यांसाठी, आठ शनिवार, दुपारी तीन.' टेबलावर पट मांडून लढाया खेळतात, त्यांतले ते बोटभर सैनिक, राक्षस, पहारेकरी. दोघींची नावं घातली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण नुसतं बघत बसणं माझ्या स्वभावात नाही.

वर्ग दुकानाच्या वर, दोन जिने चढून. लांब टेबल, त्यावर हिरवं रबरी कापड, वाकणाऱ्या मानेचे दिवे. तिन्ही भिंतींना काचेची कपाटं आणि त्यांत रंगवलेले सैनिक, हजारांनी. सगळे दाराकडे तोंड करून. आपण आत शिरलो की एवढे डोळे एकदम आपल्यावर येतात आणि पापणी एकाचीही लवत नाही. दुकानाचा मालक तिशीचा, दाढीवाला, त्याची गिऱ्हाइकं त्याला 'सेनापती' म्हणायची. तोच शिकवायचा. विद्यार्थी आम्ही चौघं. आम्ही दोघी, एक निवृत्त हवालदार आणि पुलापलीकडच्या औषधांच्या दुकानाची मालकीण.

सेनापतीने टेबलावर हत्यारं मांडली. वन्संनी चष्मा वर केला.

"माझी हत्यारं इथे कोणी आणली?"

"आजी, ही मूर्तिकामाची आहेत."

"ही मेणसुरी आहे. दातांची. आणि तू ती उलटी धरली आहेस."

सेनापतीने मुकाट्याने सुलटी धरली.

कामाची रीत अशी. बारीक तार वाकवून सांगाडा करायचा, तो बाटलीच्या बुचात रोवायचा. एक पिवळी पट्टी, एक निळी पट्टी, दोन्ही मळून मळून हिरवा गोळा झाला की तो तारेवर चढवायचा. तासा-दीड तासात तो घट्ट व्हायला लागतो. त्याआधी जे काय करायचं ते करा. बोटं आणि हत्यार ओलं ठेवा, नाहीतर योद्धा तुमच्या अंगठ्याबरोबर घरी येतो. "आणि एका बैठकीत एकच थर," सेनापती म्हणाला. "तो वाळला की पुढचा. नवशिके सगळं एकदम करायला जातात. पुढून नाक करतात तेव्हा मागून पाठ चेपतात." हे सगळ्यांना म्हणून सांगितलं, पण बघत माझ्याकडे होता.

पहिल्या शनिवारी माझा योद्धा घोंगडी पांघरलेल्या बटाट्यासारखा झाला. हात जमेनात म्हणून मी त्याला अंगरखा घातला, पाय जमेनात म्हणून तो लांब केला. हवालदारांच्या सैनिकाचे दोन्ही गुडघे मागच्या बाजूला वळले. "पळून जाणारा दाखवलाय का?" असं औषधवालीने विचारलं, तर म्हणाले, "तीस वर्षं मी पाठीमागूनच बघितलेत सगळे." औषधवालीचा पहारेकरी चेहऱ्याने बरा होता, पण त्याच्या पाठीवर तिच्या अंगठ्याचा ठसा इतका स्वच्छ उमटला होता, की हवालदारांनी तो भिंग लावून पाहिला. जुनी सवय.

वन्संनी पाय केलेच नाहीत. धडही नाही. तारेच्या टोकाला मिरीएवढा गोळा लावला, आपलं जुनं भिंग चष्म्याला अडकवलं, आणि सुईच्या टोकाने त्यात दात रोवायला बसल्या. वरचे सहा, खालचे सहा.

"आजी, आधी तार, मग पाय, मग धड. तोंड सगळ्यांत शेवटी."

"पाय कुणाचेही लावता येतात," वन्सं म्हणाल्या.

"पण अशाने डोकं मोठं होईल. नवशिक्यांचं नेहमी डोकं मोठं होतं."

"होऊ दे. त्यात दात मावायला हवेत."

दात वाळले की पुढच्या शनिवारी हिरडी, हनुवटी, गाल. मग नाक. डोळे अगदी शेवटी, तेही नाइलाज म्हणून केल्यासारखे. एरवी गवंडी घर बांधतो तसा माणूस पायापासून वर येतो. वन्संचा माणूस आतून बाहेर यायचा. आणि दात दिसायला हवेत म्हणून सगळ्यांची तोंडं उघडी. भालाधारी असो, पहारेकरी असो, मेलेल्यांना उठवणारा मांत्रिक असो, सगळे 'आ' करून उभे.

*

चौथ्या शनिवारी हवालदार चहाचा कप घेऊन वन्संच्या मागून चालले होते. थांबले. कप टेबलावर ठेवला, भिंग मागून घेतलं आणि वाकून पाहिलं.

"ही माझी सासू आहे," ते म्हणाले.

सेनापतीने दिलेलं काम होतं गढीचा रखवालदार. वन्संनी शिरस्त्राण घातलं होतं, हातात भाला दिला होता. पण खाली चेहरा बाईचा होता. म्हातारीचा, एक गाल दुसऱ्यापेक्षा वर चढलेला.

"तुम्ही हिला कुठे पाहिलीत?"

"पाहिली नाही हो कधी," वन्सं म्हणाल्या. "खालची कवळी होती. डावीकडून उंच ठेवावी लागली. बाई त्याच बाजूने चावायची, आणि बोलायचीही त्याच बाजूने."

"बोलायची? त्या बाजूने ती मला शिव्या घालायची!"

आम्ही हसलो. हवालदार हसता हसता मधेच थांबले. त्यांनी बूच उचलून उजेडात धरलं.

"गेली तेव्हा तोंड असंच उघडं राहिलं होतं," ते म्हणाले. "मीच हनुवटीखालून रुमाल बांधला."

मग बूच खाली ठेवलं आणि हात पँटला पुसले, जरी हाताला काही लागलं नव्हतं.

"आजी, जमतं कसं?" सेनापतीने विचारलं.

"मी काही करत नाही. दात नीट बसले की ओठ कुठे टेकणार ते ठरतं. ओठ ठरला की गाल ठरतो. मी फक्त मागे मागे जाते."

मी शिकलेली बाई. मी मनाशी म्हटलं, योगायोग. म्हाताऱ्या बायका सगळ्या सारख्याच दिसतात, मीही दिसते. पण पाचव्या शनिवारी वन्संचा मांत्रिक पुरा झाला, आणि त्याला मी ओळखलं. ते खिडकी नंबर तीनवरचे आजोबा होते. दर महिन्याला एकाच पत्त्यावर रजिस्टर पत्र टाकायचे आणि दर महिन्याला ते परत यायचं. अकरा वर्षं. परत आलेलं पाकीट घेताना तोंड जरासं उघडायचे, काही विचारणार असल्यासारखे, आणि न विचारताच जायचे. बुचावर ते तसेच उभे होते, हातात पाकिटाऐवजी जादूची काठी.

"वन्सं, यांचं काय केलं होतंत?"

"वरचे चार. चांगले बसले होते. तक्रार नव्हती."

त्या दिवशी घरी येताना मी बसमध्ये एक हिशोब घातला. वन्संच्या हातातून जे दात गेले तेवढीच माणसं त्या करू शकतात, एकही जास्त नाही. माझ्या नवऱ्याचे दात पक्के होते. गेले तेव्हा बत्तीसच्या बत्तीस तोंडात होते. म्हणजे तो कधी बुचावर येणार नाही. हा विचार करून मला हायसं वाटलं, आणि हायसं का वाटावं याचा राग आला.

*

सहाव्या शनिवारी पहारेकरी करायचा होता, हातात मशाल धरलेला. वन्सं नेहमी माझ्या शेजारी बसतात. त्या दिवशी टेबलाच्या टोकाला जाऊन बसल्या, माझ्याकडे पाठ करून. मी म्हटलं, उजेडासाठी असेल.

दात झाले, आणि वाळायला म्हणून बूच घरी आणलं. एक आठवडा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ती वस्तू उभी होती. बूच, त्यातून निघालेली तार, आणि तारेच्या टोकाला, गाल नाहीत, ओठ नाहीत, डोळे नाहीत, नुसते दात. मी भाजी चिरायची आणि पाठीमागे ते. दोनदा जागा बदलून ठेवली. तिसऱ्या दिवशी वन्सं दुपारच्या झोपल्या होत्या तेव्हा मी त्यांचं भिंग घेतलं.

वरच्या पुढच्या दोन दातांत मिळून एक खाच होती.

माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावू शकतो. सुई घसरली असेल. दुसरा कोणी वायरमन असेल, शहरात वायरमन काय कमी आहेत? मी भिंग जागेवर ठेवलं आणि उरलेली भाजी चिरली. ती इतकी बारीक झाली की वन्सं संध्याकाळी म्हणाल्या, "पोस्टबाई, कवळी मी करते. चावायला दात आहेत मला."

सातव्या शनिवारी गाल चढले. मी माझा बटाटा सोडून वन्संच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले आणि सबंध दीड तास हलले नाही. वन्संनी वळून पाहिलं नाही. हनुवटी आली. ओठ आले, वरचा जरा आत घेतलेला. गाल मला ठाऊक होते त्यापेक्षा खोल गेले. कपाळ वर सरकलं. उजवा कान बाहेर आला, जास्तच बाहेर, तो नेहमीच तसा होता. माझ्याकडे ह्यांचे फोटो आहेत ते बेचाळीसपर्यंतचे. हा माणूस म्हातारा होता. मी कधीच न पाहिलेला, आणि मी त्याला कुठेही ओळखला असता. तोंड अर्धवट उघडं होतं. 'तासाभरात येतो' म्हणताना उघडं राहावं तेवढंच.

तेवढ्यात औषधवाली वाकली.

"अगंबाई, मावशी! हे तर आमचे सोमवारवाले काका!"

"कोण?" मी म्हटलं.

"दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येतात. रक्तदाबाच्या गोळ्या. अकराच्या सुमाराला, कापडी पिशवी घेऊन. हसताना तोंडावर हात धरतात." ती कौतुकाने बघत होती. "पण मोठ्या मावशी, यांचे पुढचे दात अगदी सरळ आहेत हं. ही खाच नाहीये त्यांना. एवढंच चुकलं तुमचं."

वन्संनी सुई खाली ठेवली.

*

मी त्यांना दंडाला धरून जिन्यात आणलं. वरच्या पायरीवर बसवलं.

"कधी?" मी विचारलं.

त्यांनी कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. "तो गेल्यावर अकरा वर्षांनी."

"आणि मला अठरा वर्षं सांगितलं नाहीत?"

"काय सांगणार? चिठ्ठीवर नंबर असतो. पुरुष, त्रेपन्न. पुलापलीकडच्या डॉक्टरांकडून."

"पुलापलीकडच्या," मी म्हटलं. चाळीस मिनिटांची बस.

"पुढचे दात काढायचे होते," वन्सं सांगू लागल्या, जिन्याच्या कठड्याकडे बघत. "अशा वेळी काढायच्या आधीच ठसा पाठवतात, म्हणजे दात काढले की लगेच कवळी बसवता येते. प्लास्टर ओतलं, जबडा निघाला, आणि समोर धाकटा. मी ओळखणार नाही होय? मग ते प्लास्टरचे दात मलाच कापायचे होते. कापले. नवे बसवले. आणि नव्या दोन दातांना मी मुद्दाम खाच पाडली. तशीच्या तशी. म्हटलं, जिभेला लागेल. कळेल त्याला कोणी केलेत ते. त्याला ठाऊक होतं मी कुठे काम करते."

"मग?"

"महिन्याने कवळी परत आली."

"परत म्हणजे?"

"दुरुस्तीला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं. समोरची खाच बुजवून द्यावी."

खाली दुकानात कोणीतरी फासे टाकले, ते टेबलावर घरंगळल्याचा आवाज वर आला.

"मग तुम्ही काय केलंत?"

"बुजवली," वन्सं म्हणाल्या. "काम होतं ते."

"अहो, पण त्यांना नुसती ती टोचत असेल! कोणालाही टोचेल! डॉक्टरला वाटलं असेल तुमच्या हातून चूक झाली!"

"असेल ना. म्हणूनच तुला सांगितलं नाही. मला नक्की ठाऊक असतं तर सांगितलं असतं."

मी चिडले. खूप बोलले, त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही. वन्संनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "झालं? आता ऐक, शिकलेली. हा पुरा करू. रंगवू. औषधवालीच्या काउंटरवर ठेवायचा, गोळ्यांच्या डब्यांशेजारी. कोणी काही बोलायचं नाही. सोमवारी तो येईल. त्याची नजर या पहारेकऱ्यावर जाईल. खाच दिसेल. मग उचलतो का ते बघायचं."

"आणि उचलला तर?"

"तर त्याला खाच टोचत होती, एवढंच."

"आणि बघून तसाच ठेवला तर?"

वन्सं कठडा धरून उठल्या. "माझ्याच्याने पुलापलीकडे जाणं व्हायचं नाही, माझे गुडघे. तू जा."

आठव्या शनिवारी पहारेकरी पुरा झाला. सेनापतीने सगळ्यांचे योद्धे रांगेत उभे केले, माझे दोन बटाटेही. वन्संचे तीन मधोमध. सगळे पुढे बघत होते, आणि ते तीन काहीतरी सांगत होते. सेनापतीने ते कपाटात ठेवायला मागितले. सासूला हवालदार घरी घेऊन गेले, बायकोला दाखवायला. मला वाटतं नाही दाखवलं. आजोबा कपाटात गेले. पहारेकरी वन्संनी जुन्या चष्म्याच्या डबीत कापसावर आडवा ठेवला आणि डबी माझ्या हातात दिली.

*

आता तुमच्याकडे वळते, वन्सं.

पहिल्या सोमवारी मी येऊन सांगितलं, दुकान बंद होतं. दुकान उघडं होतं. मी पुलाच्या अलीकडच्या थांब्यावर उतरले, बाकावर बसले, दीड तासाने परतीची बस धरली. दुसऱ्या महिन्यात सांगितलं, आले नाहीत. ते खरं असेलही, मला काय ठाऊक? मी वाचनालयात बसून तीन दिवसांचे जुने पेपर वाचत होते. तिसऱ्या वेळी म्हटलं, औषधवाली गावाला गेली आहे. चौथ्या वेळी म्हटलं, ठेवला होता, पण काउंटरवर गर्दी होती, त्यांची नजरच गेली नाही. ते तुम्हाला पटलं नाही, कारण तुम्ही डबी उघडून कापूस बघितलात. तो तुम्ही ठेवला तसाच होता. मागच्या महिन्यात तुम्ही विचारलंच नाही. यंत्र काढून बशीत ठेवलंत.

तुम्ही म्हणाल, एकोणतीस वर्षं विचारत होतीस आणि आता उत्तर काउंटरवर येऊन उभं राहतंय तर पाय मागे घेतेस? हो, घेते. बसमध्ये बसेपर्यंत जायचंच असतं मला. मग डबी उघडते. उघडू नये, पण उघडते. भिंगाशिवायही आता मला ती खाच दिसते. एकदा त्यांनी ती बुजवून मागितली आहे. तेव्हा ती चिठ्ठी तुम्ही एकट्याने वाचलीत आणि अठरा वर्षं तोंडातून शब्द काढला नाहीत. आता मला समोर उभं राहून, गोळ्या घ्यायला आल्यासारखं करून बघायचंय, तो माणूस ती पुन्हा बुजवतो का. ते उचलतील असं धरून मी घरातून निघते आणि पूल दिसला की ते उचलणार नाहीत असं मला दिसतं. दर वेळी, स्वच्छ.

आणि तुमच्या गुडघ्यांचं म्हणाल तर आठ शनिवार दोन-दोन जिने चढलात तुम्ही. तेव्हा मला शिकवू नका.

उद्या महिन्यातला पहिला सोमवार. मघाशी पाणी प्यायला उठले तर डबी माझ्या पर्सवर ठेवलेली होती, पुसून. मी ती तिथून हलवलेली नाही. बस सव्वादहाची असते. औषधवालीचं दुकान पूल उतरल्यावर डाव्या हाताला, दोन पायऱ्या आहेत, उंच नाहीत. जायचं तर तुम्ही जा. नाहीतर सकाळी मी पर्स घेऊन निघेन, आणि दुपारी आल्यावर म्हणेन, ते आले नाहीत.